सूक्ष्मसृष्टीचा पहिला द्रष्टा

युरोपच्या वायव्य किनाऱ्यावर नेदरलँड्स नावाचा एक लहानसा देश आहे. आपल्याकडे तो हॉलंड ह्या नावानेही ओळखला जातो. ह्या देशातील डेल्फ्ट नावाच्या टुमदार गावी, २४ ऑक्टोबर १६३२ रोजी, टोपल्या विणून पोट भरणाऱ्या एका कारागिराच्या घरी एक मुलगा जन्मास आला. त्याचे नाव आंतोनी. पुढे जग त्याला लेव्हेनहूक ह्या आडनावाने ओळखू लागले.

आंतोनी जेमतेम पाच वर्षांचा असताना त्याचे वडील वारले. काही दिवस तो जवळच्या एका गावी शाळेत होता, काही दिवस चुलत्याकडे राहिला. परंतु विद्यापीठाचे शिक्षण त्याच्या नशिबी नव्हते. त्या काळी युरोपातील विद्वान मंडळी आपले ग्रंथ लॅटिन भाषेत लिहीत, आणि ज्यास लॅटिन येत नसे त्यास विद्वानांच्या पंक्तीत सहसा कोणी पान मांडीत नसे. लेव्हेनहूकला ही भाषा कधीच आली नाही. त्याला आपली डच भाषा तेवढी येत होती, आणि तीही बाजारात व घरात बोलली जाई तशी.

सोळाव्या वर्षी तो अ‍ॅमस्टरडॅम शहरी एका कापडवाल्याच्या दुकानात उमेदवारी करू लागला. तेथे हिशेब लिहिणे, कापड पारखणे हे धडे त्याने गिरविले आणि १६५४ साली गावी परत येऊन स्वतःचे दुकान थाटले. कापडाचा पोत पाहण्यासाठी, एका बोटभर जागेत किती धागे आहेत हे मोजण्यासाठी, कापडाचे व्यापारी एक लहानसे भिंग वापरीत. लेव्हेनहूकच्या हाती भिंग आले ते असे. ते विद्येचे साधन म्हणून आले नव्हते. गिऱ्हाइकाला चांगले कापड देता यावे म्हणून आले होते.

१६६० साली त्याला नगरसभेच्या कचेरीत एक कायमची नोकरी मिळाली. अधिकाऱ्यांच्या दालनाची देखरेख करणे, ते उघडणे, झाडून घेणे, थंडीत शेगडी पेटविणे अशी ती कामे. पुढे तो जमिनीची मोजणी करू लागला, आणि त्यानंतर मद्याच्या पिंपांचे माप तपासण्याचे कामही त्याच्याकडे आले. संसारात मात्र त्याच्या वाट्याला दुःख फार आले. पाच अपत्यांपैकी चार लहानपणीच गेली. १६६६ साली पत्नीही गेली. मागे एकच मुलगी राहिली. तिचे नाव मारिया. ह्या मुलीने बापाची अखेरपर्यंत सोबत केली, हे येथेच सांगून ठेवतो, कारण तिचा उल्लेख पुन्हा यावयाचा आहे.

लेव्हेनहूकला भिंगे घडविण्याचा छंद कधी जडला हे नेमके सांगता येत नाही. परंतु चाळिशीच्या सुमारास तो त्यात पुरता रमला होता. त्याचे यंत्र पाहिले तर तुम्हांला हसू येईल. आपल्या शाळेतील सूक्ष्मदर्शकासारखी त्याला नळी नाही, आरसा नाही, बैठक नाही. पितळेच्या किंवा चांदीच्या दोन लहान पट्ट्या, त्यांच्यामध्ये एका छिद्रात बसविलेले मोहरीएवढे एकच भिंग, आणि पाठीमागे मळसूत्राने मागेपुढे होणारी एक सुई. सुईच्या टोकावर पाहावयाची वस्तू लावावयाची, पट्टी डोळ्याला अगदी भिडवावयाची आणि उजेडाकडे तोंड करून पाहावयाचे. बस्स! परंतु हे चिमुकले भिंग वस्तूला दोनशे-अडीचशे पट मोठी करून दाखवी. त्या काळच्या मोठमोठ्या यंत्रांनाही इतके स्वच्छ दाखविणे जमत नव्हते. एखादी वस्तू सुईवर चांगली बसली की लेव्हेनहूक ती तशीच राहू देई आणि दुसऱ्या वस्तूसाठी नवे यंत्र करी. अशा रीतीने त्याने आयुष्यात पाचशेहून अधिक भिंगे घडविली.

ह्या भिंगांतून त्याने काय पाहिले नाही? मधमाशीची नांगी पाहिली, ऊ पाहिली, बुरशी पाहिली. गावातील एका तरुण डॉक्टराने, रेनियर द ग्राफ ह्याने, १६७३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहून ह्या कापडवाल्याची ओळख करून दिली. रॉयल सोसायटी म्हणजे त्या काळातील नामांकित शास्त्रज्ञांची सभा. तिने लेव्हेनहूकची पत्रे मागविली, आणि पुढील पन्नास वर्षे हा गृहस्थ डच भाषेत पत्रे पाठवीत राहिला. शोध सांगण्याची त्याची रीत ही एवढीच होती.

डेल्फ्टपासून दोन तासांच्या वाटेवर एक तळे होते. हिवाळ्यात त्याचे पाणी नितळ असे, पण उन्हाळ्यात ते पांढुरके होई आणि त्यात हिरवे पुंजके तरंगू लागत. आसपासचे खेडूत म्हणत की हे दवामुळे होते. लेव्हेनहूकचे एवढ्याने समाधान झाले नाही. १६७४ च्या उन्हाळ्यात त्याने ह्या तळ्याचे थोडे पाणी काचेच्या कुपीत भरून आणले आणि दुसऱ्या दिवशी त्याचा थेंब भिंगाखाली धरला. त्यात नागमोडी फिरलेल्या हिरव्या पट्ट्या होत्या, आणि त्यांच्या अवतीभवती असंख्य चिमुकले जीव फिरत होते. कोणी वर जाई, कोणी खाली, कोणी स्वतःभोवती गिरकी घेई. चिजावर होणारा अगदी बारीक किडाही त्यांच्यापुढे कितीतरी मोठा वाटावा, इतके ते लहान होते. पाण्याच्या थेंबात असे जग असेल ही कल्पनाही त्यापूर्वी कोणी केली नव्हती.

दोन वर्षांनी आणखी एक गंमत झाली. मिरी तिखट का लागते, हा प्रश्न त्याच्या डोक्यात शिरला. मिऱ्याला बारीक काटे असतील व ते जिभेला टोचत असतील, असा त्याचा तर्क होता. म्हणून त्याने मिरी पाण्यात तीन आठवडे भिजत घातली. काटे काही दिसले नाहीत. परंतु त्या पाण्यात पूर्वी पाहिलेल्यांहूनही कितीतरी लहान असे जीव दिसले. त्यांतील काही आज आपण ज्यांना जिवाणू म्हणतो ते होते. तर्क चुकला, पण डोळे चुकले नाहीत.

ह्या जीवांकडे पाहताना एक गोष्ट त्याला सारखी अस्वस्थ करीत होती. ते चालतात कसे? माशाला पर असतात, बेडकाला पाय असतात. मग ह्या जीवांनाही काहीतरी असलेच पाहिजे. तो तासन्‌तास पाहत बसला, आणि काही जीवांच्या अंगाला अतिशय बारीक पायांसारखे काही लवलवताना त्याला दिसले. ह्या केसांसारख्या पायांना आज आपण पक्ष्माभिका म्हणतो. पक्ष्म म्हणजे पापणीचा केस. आखूड आणि पुष्कळ असतात त्या पक्ष्माभिका. एकच किंवा दोन-चार लांब शेपटीसारख्या असतात त्यांना कशाभिका म्हणतात, कारण कशा म्हणजे चाबूक. इतक्या बारीक अवयवाचे पहिले दर्शन एका मळसूत्राच्या सुईमागे डोळा लावून बसलेल्या ह्या माणसाला झाले.

९ ऑक्टोबर १६७६ रोजी त्याने हे सारे सविस्तर लिहून लंडनला पाठविले. तेथे ते वाचून मंडळी थक्क झाली, आणि पुष्कळांचा त्यावर विश्वास बसला नाही. विश्वास न बसणे हे काही वाईट नव्हे. शास्त्रात तसेच असावे लागते. परंतु लेव्हेनहूकच्या बाजूने विचार करा. पदवी नाही, लॅटिन नाही, कापडाचे दुकान हाच काय तो लौकिक. खोटा ठरला असता तर सारे गाव हसले असते. त्याने आठ प्रतिष्ठित माणसांना घरी बोलावून त्यांना ते जीव दाखविले आणि त्यांच्या सह्यांचे दाखले लंडनला धाडले. त्यांत धर्मोपदेशकही होते. सोसायटीनेही हा प्रयोग स्वतः करून पाहावयाचे ठरविले व शेवटी ते काम रॉबर्ट हुक ह्या नामवंत शास्त्रज्ञाकडे आले. पहिल्या प्रयत्नांत काही दिसले नाही. हुकने भिंग सुधारले, मिऱ्याचे पाणी अधिक दिवस मुरू दिले, आणि १५ नोव्हेंबर १६७७ रोजी सभासदांच्या डोळ्यांदेखत ते जीव पाण्यात फिरताना दिसले. डेल्फ्टचा कापडवाला खरे बोलत होता. १६८० साली सोसायटीने त्याला आपले सभासद करून घेतले. तो मात्र सभेला एकदाही गेला नाही.

एका बाबतीत मात्र लेव्हेनहूकला दोष द्यावा लागतो. आपली उत्तम भिंगे तो कोणास दाखवीत नसे, विकीत तर नसेच, आणि ती कशी घडविली हेही कोणास सांगत नसे. रशियाचा सम्राट पीटर १६९८ साली डेल्फ्टला आला, तेव्हा लेव्हेनहूकने त्याला माशाच्या शेपटीतून वाहणारे रक्त दाखविले; पण कृतीचे रहस्य स्वतःपाशीच ठेवले. शिष्य त्याने केले नाहीत. त्यामुळे त्याच्या मागे कित्येक वर्षे ह्या अभ्यासाला ओहोटी लागली. विद्या अशी कुलपात का ठेवावी, हे मला कधीच उमगलेले नाही.

त्या लवलवत्या केसांनी मात्र त्याचा पिच्छा सोडला नाही. १६९५ च्या सुमारास त्याने गोड्या पाण्यातील शिंपल्यांची अंडी पाहिली, तेव्हा प्रत्येक अंड्याच्या आत इवलेसे पिल्लू संथपणे गोल गोल फिरत होते. मुलगी मारियाही त्याच्याबरोबर ते दृश्य पाहत बसली होती. पुढे, सत्तरीच्या वयात, घराच्या पन्हळीत साचलेल्या गाळात त्याला आणखी एक विलक्षण प्राणी सापडला. त्याच्या तोंडाशी दातेरी चाके असून ती गरगर फिरत आहेत असे दिसे. आता तुम्हीच सांगा, जिवंत शरीराला चाक कसे असेल? चाक फिरत राहिले तर त्याला शरीराशी जोडणाऱ्या शिरा पिळवटून जातील. खरी गोष्ट अशी की तेथे चाक नसते. तोंडाभोवती पक्ष्माभिकांचे वर्तुळ असते, आणि त्या एकीमागून एक अशा क्रमाने हलतात. ज्वारीच्या शेतावरून वारा गेला म्हणजे लाट पुढे धावते. कणसे मात्र जागच्या जागी असतात. तसाच हा प्रकार. अंड्यातील पिल्लाला फिरविणाऱ्याही पक्ष्माभिकाच.

परंतु हे केस मुळात हलतात कशाने? त्यांच्या आत काय असते? ह्याचे उत्तर लेव्हेनहूकला मिळणे शक्य नव्हते. पक्ष्माभिकेची जाडी मिलिमीटरच्या सुमारे चारहजाराव्या भागाइतकी असते. इतकी बारीक वस्तू उजेडात पाहणाऱ्या उत्तमातील उत्तम यंत्रालाही कशीबशी एका रेषेसारखी दिसते. तिच्या पोटात काय आहे हे दिसणार कसे? प्रकाशाच्या लाटाच तेवढ्या बारीक नाहीत. १९३१ साली बर्लिनमध्ये एर्न्स्ट रुस्का व माक्स नोल ह्यांनी प्रकाशाऐवजी इलेक्ट्रॉनांनी पाहणारे सूक्ष्मदर्शक यंत्र तयार केले, तेव्हा ही अडचण दूर होण्याचा मार्ग खुला झाला. १९५२ साली इंग्लंडमधील लीड्स येथील आयरीन मँटन ह्या वनस्पतिशास्त्रज्ञ बाईंनी शेवाळवर्गातील एका वनस्पतीच्या कशाभिकेत अकरा तंतूंची रचना दाखविली. त्यानंतर दोनच वर्षांत अमेरिकेत डॉन फॉसेट व कीथ पोर्टर ह्यांनी निरनिराळ्या प्राण्यांच्या पक्ष्माभिकांच्या अतिशय पातळ चकत्या तपासल्या. सर्वत्र तीच रचना!

घरी भेंडी आडवी चिरताना पाहा. चकतीत कप्पे कसे वर्तुळात मांडलेले असतात! पक्ष्माभिकेची चकतीही काहीशी तशीच दिसते. कडेने वर्तुळात नऊ जोडनळ्या आणि मध्यभागी दोन सुट्या नळ्या. जोडनळीतील एक नळी पूर्ण गोल असते व दुसरी अपुरी, म्हणजे पहिलीच्या पाठीला चिकटलेल्या पन्हळीसारखी असते. ह्या सूक्ष्मनलिका केसाच्या बुडापासून शेंड्याकडे जातात. वर्तुळातील प्रत्येक जोडीपासून मध्याकडे चाकाच्या आऱ्यांसारख्या काड्या निघतात, आणि शेजारशेजारच्या जोड्या लवचीक दुव्यांनी एकमेकींशी बांधलेल्या असतात. तळाशी, पेशीच्या आत, हा केस ज्या खुंटीवर रोवलेला असतो तिच्यात नऊ जोड्यांऐवजी नऊ तिकड्या असतात आणि मधल्या दोन नळ्या नसतात.

ही झाली चौकट. पण चौकट हलत नाही. तिला हलविणारे कोणी हवे. १९५९ साली स्वीडनच्या ब्यर्न आफ्सेलियस ह्यांना जोडीतील पूर्ण नळीपासून शेजारच्या जोडीकडे पुढे आलेले दोन इवलेसे हात दिसले. हे हात कशाचे बनले आहेत हे इयन गिबन्स ह्यांनी अमेरिकेत शोधले. त्यासाठी त्यांनी गोड्या पाण्यात राहणारा एक एकपेशीय केसाळ जीव घेतला. लेव्हेनहूकच्या थेंबात फिरणाऱ्या जीवांचाच तो भाऊबंद. हातांच्या प्रथिनाला १९६५ साली डायनीन हे नाव मिळाले. पेशीतील ए. टी. पी. नावाचे इंधन खर्चून हे हात शेजारच्या नळीला धरतात, ओढतात, सोडतात आणि पुन्हा धरतात. त्यामुळे एक जोडी दुसरीवरून सरकू पाहते.

सरकण्यातून वाकणे कसे होते, हे समजण्यासाठी तुमच्या हातातील हेच पुस्तक मिटा आणि वाकवा. पानांच्या कडा एकमेकींवरून सरकलेल्या दिसतील. आता उलट विचार करा. पुस्तकाची एक बाजू शिवलेली आहे, आणि कोणी आतून पाने सरकवू लागला. तर पाने मोकळी सरकू शकणार नाहीत, सारे पुस्तकच वाकेल. पक्ष्माभिकेतही तसेच होते. नळ्या तळाशी खिळलेल्या आणि मध्ये दुव्यांनी बांधलेल्या असल्यामुळे डायनीनच्या ओढीने त्या निसटत नाहीत, केस वाकतो. पुढच्या क्षणी समोरच्या बाजूचे हात ओढू लागतात व केस उलट वाकतो. असे एका सेकंदात दहापंधरा वेळा घडते. १९७१ साली हे दुवे मुद्दाम तोडून पाहिले, तेव्हा नळ्या खरोखरच वाकण्याऐवजी एकमेकींवरून सरकत लांब गेल्या. जिवाणूंच्या अंगालाही शेपट्या असतात व त्यांनाही कशाभिकाच म्हणतात; पण ती वस्तू निराळी. तिच्यात ह्या नळ्या नसतात, आणि ती मुळाशी असलेल्या एका चक्राने मळसूत्रासारखी फिरते. नावाच्या सारखेपणाने फसू नये.

हीच नऊ अधिक दोनांची रचना तुमच्या श्वासनलिकेतही आहे. तेथील एकेका पेशीवर सुमारे दोनशे पक्ष्माभिका असतात, आणि धूळ व जंतू अडकलेला कफ त्या रात्रंदिवस वरच्या बाजूस लोटीत असतात. १९७६ साली आफ्सेलियस ह्यांच्या पाहण्यात असे रोगी आले की ज्यांचा खोकला व सर्दी जन्मभर जात नव्हती. त्यांच्या केसांतील डायनीनचे हातच नाहीसे होते. आणि चमत्कार असा की अशा रोग्यांपैकी सुमारे निम्म्यांचे हृदय उजव्या बाजूस असते! आईच्या पोटात गर्भ अगदी लहान असताना काही केस गरगर फिरून एक प्रवाह निर्माण करतात, आणि त्या प्रवाहावरून शरीराची डावी-उजवी बाजू ठरते. केस फिरलेच नाहीत तर ती निवड दैवावर सोडल्यासारखी होते.

लेव्हेनहूक आपल्या गावीच म्हातारा झाला. नव्वदी गाठली तरी पत्रे थांबली नाहीत. शेवटच्या दुखण्यात त्याच्या छातीखालचा पडदा मधूनमधून फडफडू लागे. डॉक्टर म्हणत, हा हृदयाचा विकार आहे. त्याचे मत निराळे होते, आणि आपल्याच दुखण्याचे वर्णन त्याने सोसायटीला कळविले. त्या विकाराला आज त्याचे नाव आहे. मरणशय्येवर असतानाही एका मित्राकडून त्याने आपली दोन पत्रे लॅटिनमध्ये उतरवून घेतली. २६ ऑगस्ट १७२३ रोजी तो वारला. डेल्फ्टच्या जुन्या चर्चमध्ये त्याला पुरले. मारियाने तेथे त्याचे स्मारक उभारले आणि वडिलांच्या इच्छेप्रमाणे सव्वीस चांदीची सूक्ष्मदर्शक यंत्रे पेटीत घालून लंडनला पाठविली. एकोणिसाव्या शतकात ती पेटी गहाळ झाली. पाचशेहून अधिक यंत्रांपैकी आज जेमतेम दहाबारा उरली आहेत.

त्यांतील एक उट्रेख्ट येथील विद्यापीठाच्या संग्रहालयात आहे. ते वस्तूला २६६ पट मोठी करून दाखविते. त्यातील भिंग कसे बनविले हे पाहावयाचे तर पट्ट्या उकलाव्या लागल्या असत्या, आणि तसे करण्यास कोणीही धजावत नव्हते. २०२१ साली शास्त्रज्ञांनी न्यूट्रॉन किरणांच्या साहाय्याने ते न उघडताच आत पाहिले. आत काच वितळवून केलेला एक लहानसा मणी होता. त्याला दांडी मोडल्याची खूणही होती. ही कृती रॉबर्ट हुकने १६६५ सालीच आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत छापली होती.